दोन्ही सारखंच : प्रकल्प नोंदी

८ जून, रविवार

नाव ठरलं. दोन्ही सारखंच. दीर्घांक आहे, सव्वा तासात बसवायचा, मध्यंतर नाही, पात्रं पाच. दिवाळी झाली की पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचला पहिला प्रयोग करायचा असं डोक्यात आहे, छोटी जागा, प्रेक्षक अगदी पुढ्यात, आणि आपल्याला तेच पाहिजे कारण ही सगळी गोष्टच माणूस माणसाकडे किती जवळून बघतो त्याची आहे.

गोष्ट एकदा इथे लिहून ठेवते म्हणजे ग्रुपवर परत परत सांगायला नको. हर्षद, वय ३३, लक्ष्मी रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला, ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं शिकलेला, हात चांगला आणि बोलणं त्याहून चांगलं. दुकानात येणाऱ्या मुलींना फ्रेम दाखवता दाखवता पटवतो, मग एफसी रोडला कॉफी, मग झेड ब्रिजवर गाडी लावून गप्पा, मग दोन-अडीच महिन्यात फोन उचलणं बंद. आपण कुणाला फसवलं असं त्याला वाटतच नाही, कारण लग्नाचा शब्द त्याने कधी कुणाला दिलेलाच नसतो. आणि मग कल्याणी येते. शिवाजीनगर कोर्टात लघुलेखक, मिनिटाला १२० शब्दांची परीक्षा पास झालेली, बोललेलं जसंच्या तसं कागदावर उतरवणं हेच तिचं काम. हा तिच्या प्रेमात पडतो, खराखुरा, आणि सांगायला जातो तर प्रत्येक वाक्य आधी कुणाला ना कुणाला बोलून झालेलं.

मला विनोद इथे दिसतो. पोरी एकत्र येऊन त्याला धडा शिकवतात वगैरे नकोय, ते बघून बघून झालंय. हा माणूस हुशार आहे आणि ज्या दिवशी मनापासून बोलायची वेळ येते त्या दिवशी तोंडातून निघेल ते सगळं उष्टं. हे मला स्टेजवर बघायचंय.

१४ जून

ओळखीच्या एका ऑप्टोमेट्रिस्ट ताईंच्या दुकानात दुपारभर बसलो, मी, हर्षद करणारा मुलगा आणि नेपथ्यवाला. वही भरली अक्षरशः. ताई शिकवत होत्या आणि मला प्रवेश दिसत होते.

पीडी म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर, मोठ्या माणसांमध्ये साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर. हल्ली मशीन असतं पण पट्टीने पण मोजतात, आणि पट्टीने मोजायची पद्धत बघा. समोरासमोर बसायचं, हातभर अंतरावर, डोळे एका पातळीत. आपला एक डोळा मिटायचा आणि समोरच्याला सांगायचं, माझ्या उघड्या डोळ्यात बघा. पट्टीचा शून्य एका बाहुलीवर लावायचा, मग आपण डोळा बदलायचा आणि तिला म्हणायचं, आता या डोळ्यात बघा. म्हणजे रोज अनोळखी माणसं याच्या डोळ्यात डोळे घालून बसतात आणि याला त्याचं काहीच वाटत नाही, मिलिमीटर वाचतो आणि पुढे जातो. असा माणूस एका दिवशी पट्टी वाचायला विसरला तर? मी ताईंना विचारलं पीडी चुकीची लागली तर काय होतं. त्या म्हणाल्या नंबर कमी असेल तर फारसं कळत नाही, पण नंबर मोठा असेल तर दोन-तीन मिलिमीटरने पण डोळ्यांवर ताण येतो, डोकं दुखतं, माणूस चष्मा घेऊन परत येतो.

तर कल्याणीचा नंबर मायनस साडेसहा. ठरलं. पीडी ६१, आणि हर्षद कार्डावर लिहितो ६४. कामात कधीही न चुकलेल्या माणसाच्या हातून पहिल्यांदा चुकतं, आणि प्रेक्षकाला तिथे कळतं, त्याला स्वतःला कळायच्या आधी. त्यासाठी एकही प्रेमाचं वाक्य लागणार नाही.

दुसरी गोष्ट तर सोन्यासारखी. सिलिंड्रिकल नंबरचा अक्ष, म्हणजे ती काच कुठल्या कोनात बसवायची ते, पक्का करताना दांडीचं एक छोटं भिंग डोळ्यापुढे धरून उलटसुलट करतात आणि विचारतात, हे बरं की हे? पेशंट बिचारे घाबरतात, काहीतरी एक निवडलंच पाहिजे असं वाटतं. आणि ताई म्हणाल्या, अहो आम्ही तर वाट बघत असतो की त्यांनी दोन्ही सारखंच म्हणावं, तसं म्हणाले की समजायचं अक्ष बरोबर लागला. नाटकाचं नाव ठेवलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मला फक्त तो प्रश्न आवडला होता आणि कल्याणीचं कोरडं उत्तर. आता शेवट कुठे आहे ते दिसायला लागलंय.

२१ जून

पालख्या मुक्कामाला आहेत, पेठांमधले रस्ते बंद, तालीम नाही. घरी बसून वाचन केलं.

बायकांच्या मागे लागणारा नायक हा जुना प्राणी आहे. स्पेनमध्ये १६३० च्या सुमाराला डॉन हुआनचं नाटक छापलं गेलं तेव्हा त्याला शेवटी दगडी पुतळा नरकात ओढून नेतो. त्याच्यावरच्याच मोझार्टच्या ऑपेरात, डॉन जोव्हानी, प्राग १७८७, नोकर मालकाच्या बायकांची यादी गाऊन दाखवतो, एकट्या स्पेनमध्ये १००३. म्हणजे बायका म्हणजे आकडा आणि शिक्षा वरून येणार. सुधारण्याचा प्रश्नच नाही.

सुधारणारा नायक लंडनच्या रंगभूमीवर गाजला १६९६ मध्ये, कॉली सिबरचं लव्हज लास्ट शिफ्ट. बायकोला टाकून गेलेला लव्हलेस शेवटच्या अंकात पश्चात्ताप करतो आणि लोक खूश. आणि त्याच वर्षी जॉन व्हॅनब्रूने द रिलॅप्स लिहिलं, तीच जोडी पुढे काय करते, तर हे महाराज लंडनला येतात आणि परत घसरतात. मला हे फार म्हणजे फार आवडलं, कारण कुठल्याही प्रेक्षकाच्या मनात शेवटी हेच येतं ना, की आज सुधारला, पण दिवाळीपर्यंत टिकेल का? सव्वातीनशे वर्षं झाली तरी प्रश्न तसाच आहे आणि माझ्या नाटकाला त्याच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. लग्नाची सनई वाजवून पडदा टाकला तर प्रेक्षक टाळ्या वाजवतील आणि पार्किंगमध्ये म्हणतील, काय खरं नाही त्याचं.

३ जुलै

पहिलं वाचन. सगळे आले, चहा दोनदा झाला, भांडण एकदा.

भांडण शाल्मलीवरून. शाल्मली म्हणजे हर्षदने फोन उचलणं बंद केलेल्यांपैकी एक, माझ्या खर्ड्यात ती येते, त्याला सुनावते, जाते. ती भूमिका करणारी म्हणाली, मला चार वाक्यं द्या नाहीतर दहा द्या पण मला या माणसाने माझं काय केलं ते कळू दे, नुसतं ओरडायला मी येणार नाही. बरोबर बोलली. कोर्टाचा विषय निघाल्यावर कुणीतरी म्हणालं मग तिला कोर्टातच जाऊ दे की, लखोबा लोखंडेसारखी केस चालवा. पण 'तो मी नव्हेच' नाटकातला लखोबा वेगवेगळ्या नावांनी लग्नं करून बायकांना लुबाडतो, तो गुन्हेगार, त्याला पकडायला पोलीस आहेत. हर्षदने केलंय त्याला कुठलंही कलम लागत नाही. लोकांना आपण त्यांच्यासाठी एकमेव आहोत असं वाटू दिलं आणि मग विसरला, एवढंच. शाल्मलीचं दुःख तेच आहे, की तक्रार करायला जागाच नाही, मैत्रिणी पण म्हणतात अगं त्याने कुठे काय प्रॉमिस केलं होतं.

मग तिथेच बसून प्रवेश लिहिला. ती भांडायला येतच नाही. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणून येते, लक्ष्मी रोडला खरेदीला आली होती, दुकान समोर दिसलं. तो नेहमीसारखा हसतो, स्क्रू बसवतो. ती विचारते,

शाल्मली : माझा नंबर काय होता?
हर्षद : फोन नंबर? अगं आहे ना सेव्ह.
शाल्मली : चष्म्याचा.

आणि तो रजिस्टर उघडतो. पानं उलटत राहतो. ती उभी. आधीच्याच प्रवेशात त्याने कल्याणीचा नंबर अक्षासकट तोंडपाठ म्हणून दाखवलेला असतो, त्यामुळे प्रेक्षक आधी हसतो आणि मग हसणं मध्येच अडतं. तो म्हणतो पैसे नको, ती वीस रुपये काउंटरवर ठेवते आणि जाते. माफ करत नाही. नाटकात पुढे पण माफ करत नाही आणि ते तसंच राहणार, त्याला प्रेम झालं म्हणून तिचं देणं फिटलं असं मी लिहिणार नाही.

वाचल्यावर मुलगी म्हणाली, आता करते.

१९ जुलै

दुकानाचा पहिला प्रवेश पक्का झाला. कल्याणी बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघतेय, हातात वही, हर्षद आजींना फ्रेम दाखवतोय. आजी सत्तरीच्या पुढच्या, त्यांच्यावर पण तो तेच प्रयोग करतो कारण त्याला आता थांबताच येत नाही. आजी लाजतात पण. मग कल्याणी.

हर्षद : तुम्हाला सांगू का, ही फ्रेम इतके दिवस इथे पडून होती ना...
कल्याणी : (वहीत बघून) ती तुमच्याच चेहऱ्याची वाट बघत होती. मगाशी, आजींना.
हर्षद : तुम्ही लिहून घेतलंत?
कल्याणी : हाताला सवय आहे. "होती ना" नंतर तुम्ही थांबता ते मात्र लिहिता येत नाही.

मग तो दोन फ्रेम धरतो, मोठी आणि छोटी, कुठली बरी? दोन्ही सारखंच. या डोळ्यांना काय म्हणावं, खोल की शांत? दोन्ही सारखंच. कल्याणी करणारी हे इतकं सपाट म्हणते की बाकीचे आपली वाक्यं विसरतात. तिला सांगितलंय रागाने म्हणू नकोस, कंटाळून पण नको, साक्षीदाराचं नाव-गाव लिहून घेताना जसा आवाज लागतो तसा लाव. तिने एका लघुलेखक काकूंना भेटून बोलण्याची ढब उचलली आहे, मान खाली, पेन चालू, आणि समोरचा थांबला की फक्त नजर वर. ती नजर वर होते तेव्हा हर्षदला काहीतरी होतं. त्याच्याकडे आजवर सगळ्यांनी हसून बघितलंय, थांबून ऐकलंय असं कुणी नसतं.

आणि मोठ्या फ्रेमचं. मोठी फ्रेम महाग, फॅशनमधली, कमिशन चांगलं. पण मायनस साडेसहाला मोठी फ्रेम घेतली की काचा कडेला जाड होतात, छोटी गोलसर घेतली तर पातळ बसतात आणि हलक्या. हर्षद तोंडाने मोठ्या फ्रेमची स्तुती करत असतो आणि हाताने तिच्यापुढे छोटी सरकवतो. अभिनेत्याला हे फार आवडलं, म्हणाला पहिल्यांदा माझं तोंड खोटं आणि हात खरा आहे.

२७ जुलै

पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बंद, अर्धे लोक उशिरा आले. फक्त पाठांतर घेतलं. संहिता सेन्सॉरला पाठवायची तयारी चालू, टायपिंग बघतेय.

१० ऑगस्ट

ब्लॉकिंग, म्हणजे स्टेजवर कोण कुठे ते ठरवणं. आरशाचं प्रकरण.

अक्षरांचा तक्ता खरं तर ६ मीटरवरून वाचायचा असतो, दुकानात एवढी जागा नसते म्हणून ३ मीटरवर आरसा लावतात, तक्ता पेशंटच्या डोक्यामागे उलटा, आणि पेशंट आरशात वाचतो. नेपथ्यवाल्याने हे ऐकलं त्या दिवसापासून तो आरशाच्याच मागे आहे. आज खरा आरसा आणला, प्रकाशयोजनेवाल्याने बोंब मारली कारण सगळा उजेड पहिल्या दोन रांगांच्या डोळ्यात. मग खालून लाकडी पाचर मारून आरसा थोडा पुढे कलता केला, आता उजेड जमिनीवर पडतो आणि खुर्चीतला चेहरा मधल्या रांगांना व्यवस्थित दिसतो. पाठमोरी बसलेली कल्याणी प्रेक्षकाला समोरून दिसते. सिनेमात क्लोजअप मिळतो तसा इथे आरशामुळे मिळाला.

आणि त्यातून नवा प्रवेश निघाला, तालमीतच. चष्मा घेऊन कल्याणी परत येते, डोकं दुखतंय. दुकानाचे मालक अण्णा कार्ड बघतात, पीडी ६४, मोजतात तर ६१. अण्णांना हर्षदची लफडी माहीत आहेत, पण याचं मोजमाप चुकलं हे त्यांना पचत नाही. त्यांना खरंच वाटतं पोराचे डोळे गेले. दुकान बंद करायच्या वेळी त्यालाच खुर्चीत बसवतात.

अण्णा : वाच.
हर्षद : अण्णा, माझे डोळे चांगले आहेत.
अण्णा : सगळे तेच म्हणतात. खालून तिसरी ओळ.

तो घडाघडा वाचतो, तक्ता पाठच असतो त्याला. आणि मध्येच आरशात दारातून कल्याणी आत येताना दिसते, छत्री विसरली म्हणून, आणि हा एका अक्षरावर अडकतो. प, प, प. अण्णा मागे वळून बघत नाहीत, ते खरंच काळजीत पडून भिंग बदलतात. आता? प. आता? प. आज तालमीत हे चालू झालं आणि बाहेर उभे राहिलेले लोक पण आत येऊन बघायला लागले. अण्णा करणारे काका म्हणजे टायमिंगचं भांडार आहेत, प्रत्येक भिंग बदलताना आधीचं रुमालाने पुसून खोक्यात जागेवर ठेवतात, घाईच नाही त्यांना, आणि त्या वेळात हसू वाढत जातं.

२४ ऑगस्ट

अण्णा काका सोडून सगळे पथकात. कुणी ढोल, कुणी ताशा, ध्वज एक. नदीपात्रात सराव करून येतात, हाताला पट्ट्या, बोटं सोलवटलेली, आवाज बसलेले. आता अनंत चतुर्दशी होईपर्यंत सुट्टी. पाठांतर विसरू नका एवढंच सांगितलं.

११ सप्टेंबर

परत सुरू. झेड ब्रिजचा प्रवेश उभा केला, दोन गाड्या स्टँडवर लावलेल्या आणि मागे ट्रॅफिकचा आवाज, बास. हर्षद कल्याणीला तिथे घेऊन येतो कारण त्याला दुसरी जागाच माहीत नाही. आणि तिथे आल्यावर त्याच्या लक्षात येतं की इथला प्रत्येक दिव्याचा खांब आपला वापरून झालाय. तो एक वाक्य सुरू करतो आणि सोडतो. दुसरं सुरू करतो आणि सोडतो. अभिनेता पहिल्यांदा हे लोकांना हसवायला करत होता, हातवारे, डोळे फिरवणं. त्याला म्हटलं तू खरंच शोध, डोक्यात जा आणि एक तरी कोरं वाक्य सापडतंय का बघ, नाही सापडलं की पुढचं. तसं केल्यावर पॉज चांगलाच लांबला, आम्ही सगळे श्वास धरून, आणि मग तो म्हणाला, "तुमच्या गाडीचं पीयूसी संपलंय." संहितेत तिथे दुसरंच वाक्य होतं. हे ठेवलं. तिने खाली वाकून स्टिकर बघितला आणि ती हसली, नाटकात पहिल्यांदा.

२८ सप्टेंबर

शेवट लिहिला. दोन रात्री लागल्या.

दुकान, रात्र, अण्णा शटर अर्धं ओढून गेलेत. दुरुस्त केलेला चष्मा तिच्या डोळ्यावर. ती वही उघडते, म्हणते बोला, लिहून घेते. तो बोलत नाही. पेन थांबलेलं. मग तो फक्त झालेलं सांगतो, क्रमाने, साक्ष देतात तसं. पीडी ६१ होती, मी ६४ लिहिली, पट्टी हातात होती आणि मी आकडा वाचला नाही, तुम्ही बघत होतात. शाल्मलीचा नंबर मला आठवला नाही. उपमा नाही, फ्रेम वाट बघत होती नाही. ती सगळं लिहून घेते आणि वही मिटते.

मग ती त्याला खुर्चीत बसवते. दांडीचं भिंग उचलते, आत्तापर्यंत त्याच्या हातात बघून बघून तिला धरता येतं. हे बरं, लोकांशी गोड बोलणारा तुम्ही, की हे, पीयूसी बघणारा? तो म्हणतो, मला नाही कळत. मग ती प्रश्न फिरवते. वही घेऊन बसलेली मी की वही मिटलेली मी?

दोन्ही सारखंच.

तोपर्यंत ते उत्तर म्हणजे नकार आहे असं प्रेक्षकाला वाटत आलेलं असतं, पण चौथ्या प्रवेशात अण्णांनी आजींना समजावून सांगितलंय की हे उत्तर आलं की अक्ष लागला. त्यामुळे इथे कुणी काही समजावायची गरज नाही. आणि लगेच प्रेमाचा उजेड नकोय. ती भिंग खोक्यात ठेवते, कार्डावर तारीख घालते आणि म्हणते, वर्षाने परत तपासू. हे माझं व्हॅनब्रूला उत्तर. माणूस एकदा सुधारला आणि संपलं असं होत नाही, नंबर बदलतो, तपासत राहायचं, आणि तपासायला ती येणार आहे हेच तिचं हो.

१२ ऑक्टोबर

पहिला सलग रन थ्रू, नऊ मिनिटं जास्त भरली. फोनवरचा एक प्रवेश काढला, शाल्मलीनंतर त्याची गरज नव्हती. चष्म्यांच्या काचांवर उजेड चमकतो म्हणून आजी आणि शाल्मलीच्या चष्म्यातून काचा काढल्या, कल्याणीच्या ठेवल्या, तिच्या जाड कडा दिसायलाच पाहिजेत. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं.

३० ऑक्टोबर

रंगीत तालीम. ऑप्टोमेट्रिस्ट ताई बघायला आल्या होत्या. हर्षद पट्टी उलट्या हातात धरतो म्हणाल्या, ते लगेच दुरुस्त केलं. प, प, प ला त्या सगळ्यात जास्त हसल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

प्रयोग झाला. हॉल भरला, काही लोक पायऱ्यांवर.

आजींच्या लाजण्याला पहिला लाफ्टर आला, तिथून प्रेक्षक आपला झाला. अण्णांचा प्रवेश तालमीपेक्षा लांबला कारण हसू संपेपर्यंत काका पुढचं भिंगच उचलेनात. शाल्मलीच्या रजिस्टरला मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, "नाही सापडणार त्याला," मोठ्याने, आणि पुढे कुणीच हसलं नाही. विंगेत शाल्मली करणारी मुलगी थरथरत होती आनंदाने.

शेवटी दोन्ही सारखंचला आधी शांतता आणि मग टाळ्या, पण त्या टाळ्यांमध्ये "वर्षाने परत तपासू" कुणाला ऐकूच गेलं नाही. ते वाक्य ऐकू जायलाच पाहिजे, त्याच्याशिवाय नाटक अर्धं.

५ नोव्हेंबर

पुढच्या प्रयोगासाठी : टाळ्या थांबेपर्यंत कल्याणीने कार्ड भरायला सुरुवात करायची नाही, खोक्यातली भिंगं एक एक करून जागेवर लावत राहायचं, अण्णांची पद्धत, आणि हॉल निवला की मगच पेन उचलून तारीख. हर्षदने तोवर खुर्चीतून उठायचं नाही. झेड ब्रिजचा ट्रॅफिक कमी करा, पीयूसी मागे ऐकू आलं नाही असं तिघांनी सांगितलं. रविवारी दुपारी चारला फक्त शेवटचा प्रवेश, अण्णा काका पण हवेत, कल्याणीला भिंगं पुसायला शिकवायचंय त्यांनी.